शहापूर, मेटतळे, मिलिटरी अपशिंगे : साताऱ्यातल्या लष्करी गावनावांचा तीन दिवसांचा प्रवास

पहिला दिवस : अजिंक्यतारा, शहापूर आणि शहरातले गोट

साताऱ्याजवळचं शहापूर हे छोटं गाव. त्याचं नाव कुठून आलं हे समजून घ्यायचं तर आधी अजिंक्यताऱ्यावर जावं लागतं, गावात नंतर. नाव गावाला पडलं, पण ते पडण्याचं कारण वर किल्ल्यात होतं.

गाडी थेट दरवाजाजवळ जाते. सातच्या सुमाराला वर पोचावं. दिवस वर आला की पश्चिमेकडचे डोंगर धुरकट होतात, आणि आपल्याला नेमकं तिकडेच बघायचं असतं. पावसाळ्यात हा बेत करू नये. गड हिरवागार असतो खरा, पण ढग उतरले की शेजारचा बुरूजही दिसत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात चांगला काळ.

वर गेल्यावर आधी मंगळाईच्या बुरुजाकडे जावं. ही किल्ल्याची ईशान्य बाजू. डिसेंबर १६९९मध्ये औरंगजेबाने साताऱ्याला वेढा घातला तेव्हा मुख्य मारा याच कोपऱ्यावर होता. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने या कोपऱ्याची उंची ६७ फूट दिली आहे : खाली ४२ फूट अखंड कातळ आणि त्यावर २५ फूट बांधकाम. बुरुजाच्या कडेला उभं राहून हे दोन थर डोळ्यांनी वेगळे करून बघावेत. तोफेने वरचे २५ फूट पाडता येतात, खालच्या ४२ फुटांचं ती काही करू शकत नाही. म्हणूनच मोगलांनी सुरुंग खणले. १३ एप्रिल १७०० रोजी ते उडवले. पहिल्या स्फोटाने तटावरची माणसं गेली. दुसऱ्याने तट फुटला, पण तो आत पडण्याऐवजी बाहेर कोसळला, खाली हल्ल्यासाठी दाटीने उभ्या असलेल्या मोगल फौजेवरच. किल्लेदार प्रयागजी प्रभू ढिगाऱ्याखालून जिवंत निघाले. आठवडाभराने, २१ एप्रिलला, किल्ला तहाने खाली झाला.

आता चालत पश्चिम टोकाला यावं. समोर नैऋत्येला सज्जनगड दिसतो, तेव्हाचा परळीचा किल्ला. दोन्ही गडांमधली ही जमीन नीट बघून घ्यावी, कारण शहापूरची गोष्ट इथलीच आहे.

वेढ्याची वाटणी अशी होती : बादशहाचा स्वतःचा तळ उत्तरेला करंज्याला, पूर्वेला तर्बियतखान, दक्षिणेला शिर्जीखान आणि पश्चिमेला शहाजादा आझमशाह. ग्रँट डफ १८१८नंतर काही वर्षं कंपनीचा अधिकारी म्हणून साताऱ्यातच होता. तो लिहितो की आझमशाहाने ज्या गावापाशी ठाण मांडलं, त्या गावाला तेव्हापासून शहापूर हेच नाव पडलं. शहा म्हणजे हाच शहाजादा. नावाची फोड एवढीच, पण त्यामागे साडेचार महिने आहेत. एवढा काळ फौज एका जागी राहिली की तिथे नुसते तंबू उरत नाहीत. बाजार लागतो, वैरणीच्या गंजी रचल्या जातात, पाण्यावर जायच्या वाटा पडतात, आसपासच्या गावांचं येणं-जाणं सुरू होतं. लोक 'शहाच्या तळावर जातो' म्हणायला लागतात. फौज उठून गेल्यावर तंबू जातात, तोंडातला शब्द मात्र मागे राहतो.

पश्चिम बाजूचं महत्त्व ग्रँट डफच्याच पुढच्या नोंदीत आहे. गडावर दोन महिन्यांचीही पुरती बेगमी नव्हती, आणि तरी गड साडेचार महिने लढला. मराठ्यांचे कारभारी परशुराम त्रिंबक परळीच्या किल्ल्यात येऊन बसले, त्यांनी आझमशाहाला पैशाने वळवलं आणि धान्य साताऱ्यावर पोचवलं, असं तो सांगतो. किल्ल्यावरून बघितलं की ही गोष्ट पटते. परळीकडून साताऱ्याकडे येणारी वाट पश्चिमेच्याच अंगाने येते. तिथल्या चौक्यांनी डोळेझाक केली तरच धान्याचे बैल वर चढणार. ज्या छावणीमुळे गावाला नाव मिळालं, तिच्याच कृपेने गड दोन-अडीच महिने जास्त टिकला.

गड घेतल्यावर औरंगजेबाने त्याचं नाव आझमतारा ठेवलं आणि त्यानंतर परळीचं नवरसतारा. ही दोन्ही नावं आज फक्त पुस्तकात सापडतात. ताराबाईंच्या माणसांनी काही वर्षांतच सातारा परत घेतला, तो अजिंक्यतारा झाला. शहापूर मात्र शहापूरच राहिलं. किल्ल्याचं नाव जिंकणारा ठेवतो आणि हरणाऱ्याबरोबर ते जातं. गावाचं नाव पाटील-कुलकर्ण्याच्या दप्तरात, सारापट्टीत आणि सोयरिकीच्या बोलण्यात जाऊन बसतं, ते राज्य बदललं म्हणून पुसता येत नाही. आमच्या मते गावनावांचा अभ्यास किल्ल्यांच्या नावांपेक्षा जास्त भरवशाचा आहे तो यामुळेच.

गडावरून उतरून बोगद्यापलीकडे शहापूरच्या बाजूला जावं. तिथून मागे वळून किल्ल्याचं पश्चिम टोक बघितलं की अंतर कळतं. वेढ्याच्या तळाला जवळ पाणी आणि वैरण लागते, शिवाय तो गडावरच्या तोफेच्या टप्प्याबाहेर हवा. याच भागात जकातवाडी आहे. त्या नावाला फोड करायची गरजच नाही.

इथे एक सावधगिरी. महाराष्ट्र-कर्नाटकात शहापुरं बरीच आहेत. या शहापूरची कथा दुसऱ्याला चिकटवू नये. नाव लष्करी आहे असं म्हणण्याआधी तीन गोष्टी जुळाव्या लागतात : शब्द त्या काळच्या वापरातला हवा, जागा त्या कामाची हवी आणि नोंद कुठेतरी हवी. नुसत्या शब्दावर गेलं की फसायला होतं. उदाहरण नागठाण्याचं, तिसऱ्या दिवशी वाटेत लागणाऱ्या गावाचं. ठाणं म्हणजे शिबंदीची चौकी, हे खरं. पण 'स्थान' या जुन्या शब्दाचंही ठाणंच होतं. ठाणे शहर शिलाहारांच्या लेखांत 'श्रीस्थानक' आहे, तिथे चौकीचा काही संबंध नाही. म्हणून नावात ठाणं दिसलं की लगेच तलवार काढायची नाही.

दुपारनंतर शहरात पायी फिरावं. पंताचा गोट, रामाचा गोट, गडकर आळी, सदर बझार, कॅम्प. दीड-दोन तास पुरतात. यातला 'गोट' बाहेरच्या माणसाला हमखास चकवतो. कोणी गोठा समजतं, कोणी गोटा. जुन्या लष्करी मराठीत गोट म्हणजे छावणीतला एकेका सरदाराचा वेगळा तळ. 'शत्रूच्या गोटातून बातमी' असं आपण आजही म्हणतो, तो गोट हाच. १७०८मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि सातारा राजधानी झाली. राजाच्या भोवती छावणीच्या भाषेतच शहर वसत गेलं. गडकर आळी हे गडावर चाकरीला असलेल्यांच्या वस्तीचं नाव. सदर बझार आणि कॅम्प ही नंतरची, इंग्रजी छावणीची भर. एका संध्याकाळच्या चालण्यात मराठी फौजेचे शब्द संपून गोऱ्या फौजेचे कुठे सुरू होतात, ते पायांनी कळतं.

दुसरा दिवस : घाटावरची मेटं

आजचं अंतर मोठं आहे, सगळं मिळून १६५ ते १७० किलोमीटर. सातारा, मेढा, केळघर घाटाने महाबळेश्वर, तिथून आंबेनळी घाटाच्या तोंडाला मेटतळे, खाली प्रतापगडाच्या फाट्यापर्यंत, मग परत महाबळेश्वर, मेटगुताड, पाचगणी, पसरणी घाट, वाई आणि सातारा. एसटीने हे एका दिवसात जमत नाही. मेटतळ्याला उतरलात तर पुढची गाडी कधी येईल त्यावर दिवस जातो. स्वतःची किंवा भाड्याची गाडी हवी आणि सहाच्या आत निघायला हवं. जून ते सप्टेंबर आंबेनळी घाटात दरडी पडतात, रस्ता बंद होतो. निघण्याआदल्या दिवशी चौकशी करावी.

आधी शब्द. मेट म्हणजे डोंगरी किल्ल्याच्या पायथ्याला, उतारावर किंवा वाटेवर असलेली पहारेकऱ्यांची चौकी. तिथला पहारेकरी तो मेटकरी. मेटकरी आडनावाची घरं आपल्याकडे आजही आहेत. गडाची व्यवस्था वरून खाली अशी उतरत येते : सगळ्यात वर बालेकिल्ला, त्याखाली तट आणि माची, मग उतारावर मेटं आणि सगळ्यात बाहेर घेरा, म्हणजे गडाभोवतीचा गावांचा पट्टा. 'घेरा' हा शब्दसुद्धा महसुली गावनावांत जसाच्या तसा आहे : घेरा सिंहगड, घेरा पुरंदर आणि आपल्या वाई तालुक्यात केंजळगडाचा घेरा. गडावरच्या शिबंदीला पगार होता. घेऱ्यातल्या आणि मेटावरच्या माणसांची पोटं बऱ्याच अंशी पायथ्याच्या जमिनीवर चालत. म्हणून ती तिथेच घर करून राहिली आणि चौकीचं गाव झालं.

मेटाची जागा ओळखायला शिकलं की नकाशाशिवायही अंदाज येतो. चढावर जिथे वाट थोडी सपाट होते, डोंगराचा खांदा येतो, तिथे बघावं. चढून आलेला माणूस दम खायला तिथेच थांबतो, आणि दमलेल्या माणसाला अडवणं सोपं. जवळ बारमाही पाणी हवं, नाहीतर उन्हाळ्यात चौकी उठते. खालची वाट दिसायला हवी. आणि वरच्या किंवा शेजारच्या चौकीला हाक, शिंग किंवा जाळ पोचायला हवा. यातलं एक जरी नसलं तरी जागा मेटाच्या कामाची नाही.

आता महाबळेश्वरचा नकाशा समोर धरा. पठारावर येणाऱ्या दोन मोठ्या वाटा आहेत. एक पूर्वेकडून, वाई-पाचगणीची. दुसरी पश्चिमेकडून, कोकणातून पोलादपूरची. पाचगणीच्या वाटेवर, महाबळेश्वरच्या अलीकडे मेटगुताड. कोकणाच्या वाटेवर, आंबेनळी घाट जिथे उतरू लागतो तिथे मेटतळे. पठाराला दोन दारं आणि दोन्ही दारांशी 'मेट' हा शब्द उभा. मेटगुताड आज स्ट्रॉबेरीसाठी माहीत आहे. गाड्या तिथे थांबतात, लोक क्रीम खातात आणि निघतात. नावाची पाटी डोळ्यांसमोर असते, पण ती वाचायचं कोणाच्या मनात येत नाही. याची आम्हाला खरोखर हळहळ वाटते.

ही दारं राखायची का, त्याचं उत्तर मेटतळ्याहून खाली बघितलं की मिळतं. पश्चिमेला जावळीचं खोरं. घाटमाथ्यावरून कोकणातल्या बंदरांकडे जाणारा माल याच घाटांतून उतरे. ज्याच्या हाती घाट, त्याच्या हाती जकात आणि शत्रूच्या फौजेची वाटही. आदिलशाहीने हा मुलूख चंद्रराव मोऱ्यांकडे ठेवला होता. 'येता जावली, जाता गोवली' हे मोऱ्यांच्या तोंडी असलेलं वाक्य प्रसिद्धच आहे : येताना जावळीत याल, जाताना गुंतून पडाल. जानेवारी १६५६मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी घेतली आणि लगेच पार घाटावर नजर राहील असा प्रतापगड मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली उभा केला. सरहद्द आदिलशाहीच्या हातून स्वराज्याच्या हाती आली, पण राखायच्या जागा त्याच राहिल्या.

१६५९मध्ये अफझलखान वाईहून पठार चढून रडतोंडीच्या घाटाने खाली पार गावाला उतरला. घाटाचं नाव त्याच्या चढ-उताराचं खरं वर्णन आहे. हत्ती, तोफा आणि बाजारबुणगे घेऊन ही उतरण उतरायची म्हणजे फौजेची साखळी तुटते. पुढचे खाली पोचलेले, मागचे अजून वर, मध्ये दाट रान. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी खान पडला, तेव्हा पारला तळ दिलेल्या फौजेला परत वर चढायला वाट उरली नव्हती. वेळ असेल तर पारला जाऊन कोयनेवरचा शिवकालीन पूल आणि रामवरदायिनीचं देऊळ बघावं. प्रतापगड आज करायचा नाही. त्याला स्वतंत्र दिवस द्यावा, नाहीतर मेटगुताडला पोचेपर्यंत अंधार होतो आणि जागा बघायची राहते.

परत येताना एक फसवं नाव ध्यानात ठेवावं. मकरंदगडाच्या पायथ्याला चतुरबेट आहे. घाईत ऐकलं तर 'मेट' वाटतं आणि जागाही किल्ल्याखालची, त्यामुळे मोह होतो. पण शब्द बेट आहे. तीनपैकी एक गोष्ट जुळली म्हणजे तिन्ही जुळल्या असं नाही.

तिसरा दिवस : मिलिटरी अपशिंगे

साताऱ्याहून कराडच्या बाजूला महामार्गाने नागठाणे, तिथून आत अपशिंगे. साताऱ्याहून अंतर २० किलोमीटरच्या आसपास. रस्ता विचारताना नुसतं अपशिंगे म्हणू नये. कागदावर नाव 'अपशिंगे (मिलिटरी)' असं लिहितात, बोलताना लोक 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतात. कागदाने शब्द मागे कंसात टाकला, लोकांनी तो पुढे आणून पदवीसारखा लावला.

पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जवान कामी आले. इंग्रज सरकारने गावात स्मारक उभारलं, आणि मिलिटरी हा शब्द गावाच्या नावाला जोडला गेला तो तिथूनच. त्यानंतरही पिढ्यान्‌पिढ्या इथल्या घरांतून फौजेत माणूस जात आला आहे.

४६ हा आकडा वाचून पुढे जाऊ नये. स्मारकाजवळ थांबावं, मग गावातल्या गल्ल्यांतून एक फेरी मारावी आणि ४६ दारं मोजावीत. दोन्ही हातांची घरं धरली तरी मोजायला वेळ लागतो. मेसोपोटेमिया (आजचा इराक), फ्रान्स, पूर्व आफ्रिका ही नावं १९१४ साली या घरांत क्वचितच कोणी ऐकली असतील.

सातारा जिल्ह्यात इतर गावांतही या युद्धाच्या संगमरवरी पाट्या सापडतात, बहुधा चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत. या पाट्यांचा मजकूर ठरलेला असतो : या गावातून इतके गेले, त्यातले इतके परत आले नाहीत, आणि साल १९१४ ते १९१९. १९१९ बघून ती चूक आहे असं समजू नये. लढाई नोव्हेंबर १९१८ला थांबली, तह १९१९मध्ये झाला. पाटीवर बऱ्याचदा चुन्याचे थर असतात. ते खरवडू नयेत, अक्षरं निघून येतात. तिरपा उजेड, सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतरचा, कोरीव अक्षर वाचायला पुरतो.

आपल्या गावातला किंवा घरातला गेलेला माणूस शोधायचा असेल, तर काय करावं लागतं ते इथे सविस्तर सांगतो, कारण इथे लोक हमखास अडकतात.

पहिली गोष्ट, पलटण. घरात आजीच्या तोंडी 'जंगी पलटण' किंवा 'काळी पाचवी' असा शब्द असतो. जंगी पलटण म्हणजे १०३ मराठा लाइट इन्फन्ट्री, काळी पाचवी म्हणजे १०५. युद्धात मराठा पलटणींचे क्रमांक १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ असे होते. १९२२च्या फेररचनेत ते बदलले. १०३ची पहिली बटालियन झाली, १०५ची दुसरी, ११०ची तिसरी, ११६ची चौथी, ११७ची पाचवी, आणि ११४ची दहावी म्हणजे प्रशिक्षणाची. घरात पेन्शनचा जुना कागद असेल तर त्यावर नवा क्रमांक असू शकतो, मृत्यूच्या नोंदीत जुना असतो. दोन्ही ताडून बघितल्याशिवाय नोंद जुळत नाही.

यातल्या १०३, ११० आणि ११७ या तीन पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियातल्या कुट-अल-अमारात अडकल्या. ७ डिसेंबर १९१५पासून २९ एप्रिल १९१६पर्यंत वेढा चालला आणि अखेर उपासमारीने शरणागती पत्करावी लागली. साधारण १३ हजार माणसं कैद झाली, त्यातली कित्येक पुढच्या पायपिटीत आणि कैदेत गेली. ११७ला पुढे 'रॉयल' हा मान मिळाला.

दुसरी गोष्ट, गावाचं नाव. महायुद्धांत पडलेल्यांच्या कबरी आणि नोंदी सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर हिंदी शिपायांच्या नोंदी शोधता येतात. बऱ्याच नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हा असतो, पण लिहिणाऱ्या कारकुनाने जसं ऐकलं तसं इंग्रजी अक्षरांत उतरवलेलं असतं. अपशिंगेचं अपसिंगे, अपशिंगा, काहीही झालेलं असू शकतं. गावाच्या नावाने शोधून थांबू नये. पलटण आणि जिल्हा धरून यादी काढावी आणि एकेक नोंद वाचावी. वेळखाऊ काम आहे, पण माणूस सापडतो तो असाच.

तिसरी गोष्ट, जिल्हा. तेव्हा सांगली जिल्हा नव्हता. १९४९मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६०मध्ये त्याचं नाव सांगली ठेवलं. त्यामुळे वाळवा, तासगाव किंवा खानापूरच्या शिपायाची नोंद 'सातारा' म्हणून सापडते. सांगलीकर आपल्या जिल्ह्याचं नाव टाकून शोधतात, काही मिळत नाही आणि नोंदच नाही असं समजून सोडून देतात. नोंद असते, जुन्या जिल्ह्याखाली.

आणि दगडावर नाव शोधू नये. मेसोपोटेमियात पडलेल्यांसाठी बसऱ्याला मोठं स्मारक उभारलं, त्यावर गोरे शिपाई नावानिशी आहेत, हिंदी अधिकारीही नावानिशी आहेत. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणीखाली नुसता आकडा कोरला : आणि इतर इतके. त्यांची नावं यादीच्या वहीत राहिली. शंभर वर्षांनी कमिशननेच स्वतःच्या चौकशीत ही असमानता मान्य केली. जवान, नाईक, हवालदार, सगळे त्या 'इतर' मध्ये.

परत निघताना नागठाण्याच्या फाट्यावर एसटीची वाट बघावी लागते. तिकीट देताना कंडक्टरने कुठून आलात असं विचारलं, तर नाव पूर्ण सांगावं. मिलिटरी अपशिंगे.